रांजणातलं मांडूळ

"थे जगलं त ही राहीन घरात. नाई जगलं त मंग दुसरी पाहाच लागते."

मोठी मामी चुलीपाशी बोलत होती. मी मागच्या अंगणात विहिरीच्या ओट्याशी बसून नदीची वाळू चाळत होते आणि मधली खिडकी उघडी होती. मोठे मामा काहीतरी पुटपुटले, ते मला कळलं नाही. मग भाकरी थापल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

जगायचं होतं ते माझ्या शेजारीच होतं, फडक्यानं तोंड बांधलेल्या एका गाडग्यात. मांडळाचं पिल्लू. आणि जिचं घरात राहणं त्याच्यावर ठरणार होतं ती धाकटी मामी पडवीत भिंतीला टेकून मोगऱ्याचे गजरे गुंफत होती. तिला सहावा महिना लागला होता. मला जे ऐकू आलं ते तिलाही आलंच असणार, कारण तिचे हात थांबले. मग तिनं दोरा दातानं तोडला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "बारीक चाळजो वो बाई. खडा टोचन त्याले."

मी नुकतीच मॅट्रिकची परीक्षा देऊन अमरावतीहून अकोल्याला आले होते. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं. वडील कचेरीत होते आणि साहेबलोकांच्या मुलींशेजारी बसून शिकलं तर मुलीचं भलं होईल, अशा समजुतीनं त्यांनी मला इंग्रजी शाळेत घातलं होतं. त्यामुळे मी दोन्हीकडे गप्प राहायला शिकले. शाळेत माझं इंग्रजी चुकेल म्हणून, आणि मामांकडे माझं मराठी पुस्तकी वाटेल म्हणून. मामांचा मळा शहराबाहेर मोर्णा नदीच्या काठावर होता. वांगी, मेथी, कोथिंबीर, आणि फुलांमध्ये झेंडू, मोगरा, शेवंती. पहाटे माल बाजारात जायचा आणि दिवसभर पाणी, खुरपणी, तोडणी. पावसाळाभर धाकटीजवळ कोणीतरी हवं, असा निरोप आईला आला, आणि आईनं मला पाठवलं.

आल्यावर कळलं की त्यांना सोबत नको होती, भाची हवी होती.

आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. मी स्टेशनवर उतरले तेव्हा धाकट्या मामांनी सगळ्या लोकांसमोर वाकून माझ्या बुटांना हात लावला आणि तो कपाळाला नेला. लहानपणापासून हे चालत आलेलं होतं, तरी त्या दिवशी मला जमिनीत जावंसं वाटलं. त्यांचं वय तेव्हा तिशीच्या आत असेल. तेच माझे सर्वांत अबोल मामा. पण सगळं त्यांच्याच हातून झालं होतं.

आदल्या पावसाळ्यात ते वांग्यासाठी वाफे करत होते. कुदळ मातीत गेली आणि एका मोठ्या मांडळाचे दोन तुकडे होऊन वर आले. मांडूळ अंडी घालत नाही, पिल्लंच देतं. ते मादी होतं आणि पोटात पिल्लं होती. ती थोडा वेळ हलत होती म्हणे. मामांनी कुदळ तिथेच टाकली आणि घरी येऊन अंगणात बसून राहिले. त्यानंतर दिवाळीच्या सुमाराला धाकट्या मामीला मूल झालं ते मेलेलंच. तिचं पहिलं मूलही गेलेलं होतं, पण ते मांडूळ कापलं जाण्याच्या आधी गेलं होतं. ते कोणी हिशोबात धरलं नाही.

तेल्हाऱ्याकडच्या एका भगतानं उपाय सांगितला. त्याच जातीचं एक पिल्लू घरात आणायचं, भाचीच्या हातानं त्याला ठेवायचं आणि खाऊ घालायचं, आणि बाळंतपण झालं की शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नेऊन सोडायचं. पिल्लू जगलं तर पोटातलंही जगेल. एक अट होती. गरोदर बाईची सावली त्याच्यावर पडता कामा नये, नाहीतर साप आंधळा होतो. म्हणजे ज्या बाईसाठी हे चाललं होतं तिनंच त्याला कधी पाहायचं नव्हतं.

धाकटे मामा कितीतरी दिवस नदीकाठ धुंडाळत होते. उन्हाळ्यात जिथे टरबुजांच्या वाड्या असतात तिथल्या वाळूच्या ढिगात त्यांना ते सापडलं. दुपट्ट्यात बांधून, छातीशी धरून त्यांनी ते घरी आणलं.

ठेवायचं कशात, यावर अंगणात बरीच चर्चा झाली.

"घासलेटचा डबा घ्या," मोठे मामा म्हणाले.

"पत्रा तापते," मोठी मामी म्हणाली. "शिजून जाईन थे. मंग काय कालवण करता?"

"टोपल्यात ठेवा मंग."

"अन् रातच्याले तुमच्या धोतरात गेलं म्हंजे?"

धाकट्या मामांनी विहिरीजवळचा जुना रांजण दाखवला. त्याचा गळा फुटून गेला होता, उरलेला भाग माझ्या गुडघ्यापर्यंत येत होता. तळ मात्र शाबूत होता. "एक थेंब गळत नाई यातून," ते म्हणाले. ही गोष्ट त्यांना फार मोलाची वाटत होती. रांजण पडवीच्या टोकाला आणून ठेवला गेला, जिथे आतल्या खोलीच्या दारातून काही दिसत नव्हतं.

त्यांनी आधी त्यात शेतातली काळी माती भरली, आणि वरून चाळलेलं शेणखत. मिरचीची रोपं टाकायची असतील तर जशी भरतात तशी. मी गाडगं तिरपं केलं. मला हात लावायची हिंमत नव्हती. पिल्लू घसरत मातीवर आलं. वीतभर लांब आणि करंगळीएवढं जाड. रंग भाजलेल्या विटेचा, मागच्या बाजूला काळपट पट्टे. दोन्ही टोकं बोथट. मोठे मामा वाकून पाहत म्हणाले, "आता याचं तोंड कोणतं हो मडमबाई? तुमच्या शाळेत काय सांगतात? सहा महिने इकडून चालते अन् सहा महिने तिकडून, असं आमी आयकलं."

शाळेच्या पुस्तकात सापांचं एक पान होतं. त्यावर विलायतेतल्या गवतात राहणारे दोन साप होते. हा त्यात नव्हता. मी नुसती पाहत राहिले, आणि थोड्या वेळानं एका टोकाला काळे ठिपक्यासारखे डोळे दिसले. मोहरीहून लहान.

ते टोक मातीत घुसायला पाहत होतं. ते नाक खाली दाबायचं, जोर करायचं, आणि ओली काळी माती त्याच्याभोवती गोळा व्हायची. मग ते रांजणाच्या कडेकडेनं फिरायचं आणि पुन्हा दाबायचं. असं कितीतरी वेळ चाललं. सगळे आपापल्या कामाला गेले, मी बसून होते. संध्याकाळी धाकटे मामा आले तेव्हा मी विचारलं, "हे कुठं सापडलं होतं?"

"रेतीत."

"मग रेतीच लागेल त्याला. यात त्याला आत जाता येत नाही."

त्या आठवड्यात मी कोणाशी बोललेलं हे सगळ्यांत लांब वाक्य होतं. मामांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी पिल्लू पुन्हा गाडग्यात घालून ठेवून डोक्यावरून वाळूच्या पाट्या आणल्या. ती वाळू मी चाळत बसले होते तेव्हाच खिडकीतून ते बोलणं ऐकू आलं.

कोरडी वाळू भरली आणि पिल्लाला तीत सोडलं. मी पहिल्यांदा त्याला हातात घेतलं ते तेव्हा. मला वाटलं होतं ते गार आणि ओलसर असेल. ते कोरडं आणि गुळगुळीत होतं आणि माझ्या बोटाभोवती गच्च बसलं. वाळूवर ठेवताच ते नाक खुपसून आत गेलं. वर एक छोटी घडी उमटली, सरकत गेली आणि थांबली. मी रांजणावर टोपलं झाकलं आणि त्यावर पाट्याचा तुटका दगड ठेवला.

"गेलं का आत?" दाराच्या आडून धाकटी मामी म्हणाली. ती तिथे कधीपासून उभी होती कोण जाणे.

"गेलं."

"कसं हाये वो दिसाले?"

मला शब्द सापडेना. "तुमच्या हातातल्या बांगडीएवढं होतं, गुंडाळलं की," मी म्हणाले.

ती हसली. "मंग लहानच हाये. लेकरूच हाये बिचारं."

त्याला खायला काय द्यायचं, हे मोठ्या मामांनाच ठाऊक होतं, कारण मळ्यात उंदरांवर जाणारे साप त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. कडब्याच्या गंजीखाली उंदरांची बिळं होती. त्यांतून ते उघडी, गुलाबी, डोळे न फुटलेली पिल्लं पळसाच्या पानावर आणून द्यायचे आणि ती मी रांजणात ठेवायची. भाचीच्याच हातानं. पहिल्या वेळी मी पान ठेवून मागे सरले. उंदराचं पिल्लू तोंड उघडत-मिटत होतं. वाळू हलली, आणि ते खालून ओढलं गेलं. काही आवाज झाला नाही. त्या दुपारी मला जेवण गेलं नाही. मोठी मामी म्हणाली, "पोट्टी नाजूक हाये आपली. एका लेकराले जगवाचं म्हंजे दुसऱ्याचं जाणारच." मग तिला वाटलं असावं की हे बोलायला नको होतं, कारण तिनं माझ्या ताटात आणखी भाजी वाढली.

मोठी मामी वाईट बाई होती असं मी कधीच म्हणणार नाही. तिला चार मुली, सगळ्या सासरी. मोठ्या मामांना मुलगा नव्हता. मळा पुढे कोण करणार, हा प्रश्न त्या घरात भाकरीबरोबर खाल्ला जायचा. अचलपूरकडच्या एका घरची मुलगी तिच्या पाहण्यात होती, असं धाकट्या मामीनंच मला सांगितलं. "चांगली हाये म्हणतात," ती गजरा गुंफता गुंफता म्हणाली. "ठसठशीत. मी राह्यली त मलेच तिले शिकवा लागन, कोणत्या चुलीवर काय असते थे." तिनं हे अगदी सहज सांगितलं.

माहेरी तिचं कोणी नव्हतं. एक भाऊ परतवाड्याला दुकानावर नोकरीला होता, तो वर्षवर्ष फिरकत नसे.

रोज सकाळी मी टोपलं उचलायची, आणि आतून तिचा आवाज यायचा, "दिसलं का वो?" कधी दिसायचं, कधी नुसती वाळूवर त्याची रेघ असायची. मी म्हणायची, "दिसलं," किंवा, "चालून गेलंय." तेवढ्यावर तिचा दिवस चालायचा.

मांडळाला कशानं धोका आहे हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. धाकट्या मामांना तर नव्हतंच. ते रोज संध्याकाळी मळ्यातून आले की हातपाय धुण्याच्या आधी झारी भरायचे आणि रांजणात पाणी शिंपडायचे. नव्या रोपाला घालतात तसं, हलक्या हातानं, चाळणीच्या तोंडातून. त्या माणसानं आयुष्यात जे काही जगवलं ते पाणी घालूनच जगवलं होतं. शिंपडून झालं की ते हात जोडून कपाळाशी नेत आणि मग हातपाय धुवायला जात. मी एकदा म्हणाले, "फार ओलं होतंय, मामा."

"ओल पायजेच," ते म्हणाले. "ओलीवाचून काय जगते?" आणि माझ्याकडे पाहून कधी नव्हे ते हसले.

रांजणाचा तळ शाबूत होता. पाणी खाली जाऊन तिथेच राहत होतं. काही दिवसांनी वाळूचा रंग बदलला, मग वास बदलला. पिल्लू खाली जाईनासं झालं. सकाळी टोपलं उचललं की ते वरच पडलेलं असायचं, रांजणाच्या काठाशी जिथे थोडी कोरडी जागा असेल तिथे. उंदराचं पिल्लू ठेवलं तर तसंच राहायचं आणि मरायचं. मी त्याला उलटं करून पाहिलं. पोटाच्या खवल्यांवर पाणी भरल्यासारखे फोड आले होते.

हे मी धाकट्या मामीला सांगितलं. दुसऱ्या कोणाला सांगायची हिंमत झाली नाही. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "माह्या सावलीनं नाई न झालं?"

"नाही. पाण्यानं."

"नक्की?"

"नक्की."

ती उठली. "रेतीवर माही सावली पडली त चालते न? रेती काई साप नाई."

दोन्ही मामा मळ्यात आणि मोठी मामी बाजारात गेली की आम्ही मागच्या चुलीवर कढई ठेवायचो आणि ती वाळू भाजायची. फुटाणेवाले भाजतात तशी, कालथ्यानं हलवत. चुलीच्या धगीनं तिचा चेहरा लाल व्हायचा, घामानं पातळ पाठीला चिकटायचं. "कोणी आलं त सांगजो, डोहाळे लागले, मामी रेती खाऊन राह्यली," ती म्हणायची. भाजलेली वाळू पोत्यावर पसरून गार झाली की मी रांजणातली ओली वाळू काढून ही भरायची. संध्याकाळी मामा पाणी शिंपडायचे. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा भाजायचो. मामांना थांबवणं माझ्या हातात नव्हतं. मामी म्हणाली, "त्याईले नको म्हणू. तेवढंच त्याईच्या मनाले."

फोड सुकले. कात सैल झाली आणि एका सकाळी ती पातळ, ओल्या कागदासारखी वाळूवर पडलेली मिळाली, आणि खाली पिल्लू नव्या विटेच्या रंगाचं. त्या दिवशी त्यानं उंदीर घेतला. मी दाराशी जाऊन सांगितलं तेव्हा मामीनं दोन्ही हात पोटावर ठेवले आणि डोळे मिटले. "हेही फिरून राह्यलं," ती म्हणाली. "पाह्य," आणि माझा हात ओढून तिथे ठेवला. मी तो लगेच काढून घेतला नाही.

नागपंचमीला घरात तवा चढत नाही, विळी काढत नाहीत, आणि जमिनीत काही खुपसत नाहीत. ना नांगर, ना कुदळ, ना खुरपं. खाली नाग असतो, त्याला लागेल. मळ्याचं काम बंद, म्हणून मोठे मामा दिवसभर पडवीत बाज टाकून बसले होते. रांजणापासून हातभर अंतरावर.

सकाळपासून बायका येऊ लागल्या. शेजारच्या मळ्यांतल्या, पलीकडच्या वस्तीवरच्या. मांडूळ म्हणजे नाग नव्हे हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण एरवी वारुळापर्यंत चिखल तुडवत जायचं, इथे तर घरातच देव होता. मोठ्या मामीनं रांजणाला हळदकुंकवाची बोटं ओढली, लाह्या वाहिल्या आणि वाटीभर दूध ओतलं. मग एकेक बाई पुढे आली. प्रत्येकीची वाटी मोठी मामी हातात घेई, डोळे मिटून कोणाकोणाचं नाव घेई आणि ओतून रिकामी करून परत देई. सगळ्यांचं पुण्य तिच्या हातून जात होतं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं. मी आरतीचं ताट धरून शेजारी उभी होते. वाळू पांढरी झाली, मग दूध वर राहू लागलं, लाह्या तरंगू लागल्या.

"मामी, थोडं थोडंच..." मी म्हणाले. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नसेल.

बायका गेल्यावर मी हात घालायला वाकले. मोठे मामा बाजेवरून म्हणाले, "आज माती उकरत नाई, बाई."

"वाळू आहे, मामा. बदलायची आहे."

"रेती असो का माती. आज खाली जनावर असते. उद्या कर तू."

मी बसून राहिले. आत मामी एकदाच म्हणाली, "दिसलं का वो?" मी म्हणाले, "नाही अजून." दुपारी ऊन पडलं आणि दुधाला आंबूस वास सुटला. मग लाल मुंग्या आल्या. आधी एक रांग, मग दुसरी, मग रांजणाची कड हलायला लागली. मी फडक्यानं पुसायची आणि त्या पुन्हा यायच्या. मामा बाजेवर घोरत होते. मी हात पुढे केला की ते कूस बदलायचे. संध्याकाळी धाकटे मामा बाहेरून आले आणि त्यांनी त्यावर झारी शिंपडली.

सकाळी दिवस उजाडताच मी दोन्ही हातांनी वाळू काढली. ते अगदी तळाशी होतं, गोल वळलेलं. मुंग्या खालपर्यंत पोहोचल्या होत्या. मी ते ओच्यात घेतलं तेव्हा मामी दाराशी आली. ती नेहमीप्रमाणे आडच उभी होती, पण तिला माझा चेहरा दिसत होता.

"सांगू नको," ती म्हणाली. मग आणखी हळू, "मलेही सांगू नको."

मी त्याला झेंडूच्या वाफ्यात पुरलं आणि रांजणात कोरडी वाळू भरली. वाळूत राहणारं जनावर कोणाला रोज दिसत नाही, आणि भाचीशिवाय त्यात कोणी हात घालत नव्हतं. त्या दिवसापासून मामी रोज सकाळी पूर्वीपेक्षा मोठ्यानं विचारायची, सगळ्या घराला ऐकू जाईल असं, "दिसलं का वो?" आणि मी म्हणायची, "दिसलं." मोठे मामा पळसाच्या पानावर उंदरांची पिल्लं आणून द्यायचे, ती मी कुंपणापलीकडे टाकून यायची. धाकटे मामा रिकाम्या वाळूवर पाणी शिंपडायचे आणि हात जोडायचे. श्रावण गेला, भादवा गेला. मामीचे पाय सुजले होते. ती कमी बोलायची, आणि वाळू आता कोणी भाजत नव्हतं.

आश्विनात ती अडली. सुईण आली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मूल झालं. मुलगा होता. तो एकदाही रडला नाही. धाकट्या मामांनी त्याला नव्या फडक्यात घेतलं आणि नदीकडे गेले. ते बराच वेळ परत आले नाहीत.

काही दिवसांनी, दुपारची जेवणं झाल्यावर, पडवीत ते बोलणं निघालं. मोठे मामा बाजेवर, धाकटे मामा खांबाला टेकून खाली, मोठी मामी सुपात तूर घेऊन. आतल्या खोलीचं दार अर्धं लोटलेलं होतं आणि मामी भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी तिच्यासाठी पेज घेऊन निघाले होते.

"आपण काई कमी केलं नाई," मोठी मामी म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता, रागाचा नव्हता. "देवानं सांगतलं थे समदं केलं. जनावर जगवलं. घराचं पाप होतं थे फिटलं. तरी लेकरू गेलं. म्हंजे दोष इच्यातच हाये, बाप्पा. इच्या पोटातच हाये." ती तूर पाखडत राहिली. "अचलपूरचे लोक वाट पाहून राह्यले. पोट्टीले किती दिवस ठेवतीन ते? इले हाकलून द्या असं नाई म्हणत मी. राहो एका कोपऱ्यात. नाई त भावाकडे जाओ."

धाकटे मामा जमिनीकडे पाहत होते. मोठे मामा त्यांना म्हणाले, "तू बोल काईतरी." ते बोटानं मातीत रेघ ओढत राहिले.

मी पेजेची वाटी घेऊन उभी होते. जनावर मेलेलं कळलं असतं तर मामी अपशकुनी ठरून गेली असती. ते जिवंत होतं म्हणून आता ती दोषी ठरून जात होती. ती आणि मी श्रावणापासून जे सांभाळलं होतं ते तिच्याच विरुद्ध पुरावा म्हणून मांडलं जात होतं, आणि सापाचा आणि पोटाचा काही संबंध नसतो हे वाक्य मला इंग्रजीत येत होतं, पण त्या पडवीत त्याला काही किंमत नव्हती. तिथे एवढंच चालत होतं की कोणाच्या हातून काय झालं.

"मडमबाईले इचारा पाह्यजे त," मोठी मामी म्हणाली. "थे रोज पाह्यते. काहून वो बाई, हाये न जितं? आज धुऱ्यावर सोडून येऊ त्याले. भाचीच्या तोंडून खोटं निघत नाई."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. धाकट्या मामांनीही मान वर केली. आतल्या बाजेची कुरकुर झाली, मामी उठून बसली असावी. मी वाटी खाली ठेवली.

"ते मेलं," मी म्हणाले. "नागपंचमीलाच मेलं. मोठ्या मामी, तुम्ही ओतलेल्या दुधानं मेलं."